दोन बोटं कमी

“सतरावा,” बायको म्हणाली आणि बसच्या काचेवर तिने बोट टेकवलं.

सकाळचे सात वाजले होते. प्रवासाने अंग आंबून गेलं होतं, पण बस त्या अवाढव्य शहरात शिरली तशी आमची दोघांची झोप पळाली. खिडकीची जागा मी हट्टाने घेतली होती. बायको माझ्या अंगावरून वाकून बाहेर बघत होती आणि मोजत होती. उंच इमारती नव्हेत, पूल नव्हेत, तर रखवालदार. बँकेच्या दारात एक, दवाखान्याच्या फाटकात दोन, मेट्रोच्या जिन्यापाशी तीन. सगळ्यांच्या अंगात गडद निळा कोट, आणि तो प्रत्येक कोट मी बेतलेला.

शिवलेला नाही. शिवणारे वेगळे असतात. आमच्या कारखान्यात लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर अंथरतात, वरच्या थरावर मी खडूने आखतो आणि मशीनची कात्री फिरवतो. एक रेघ चुकली की साठ कोट चुकले. एकतीस वर्षांत माझी रेघ चुकलेली नाही, असं मी चारचौघांत सांगत आलोय. मला सगळे मास्तर म्हणतात ते उगीच नाही.

ही सहल म्हणजे त्या रेघेचंच बक्षीस. मागच्या वर्षी एका रखवालदार पुरवणाऱ्या कंपनीची चार हजार कोटांची ऑर्डर आली तेव्हा मालक म्हणाले, “मास्तर, कापड वाचलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा.” मी बघितलं. बाहीची रुंदी दोन बोटं कमी केली. शिवणीच्या आत जी माया ठेवतात, म्हणजे पुढेमागे कोट सैल करता यावा म्हणून जादा कापड दाबतात, ती जवळजवळ काढूनच टाकली. एका कोटामागे वीतभर कापड वाचलं. मालकांनी सगळ्या कारखान्यासमोर माझी पाठ थोपटली, दोन दिवसांच्या सहलीची तिकिटं दिली आणि वर उरलेल्या कापडातला एक तुकडा दिला. त्याचा मी स्वतःला कोट शिवला. तोच घालून निघालो होतो, साहेब होऊन.

सहल स्वस्तातली होती हे लॉजवर पोचल्यावर कळलं. खोलीत एकाने उभं राहायचं तर दुसऱ्याने पलंगावर चढायचं. आमची तक्रार नव्हती. कुणी आपल्याला फिरायला पाठवतं याचंच अप्रूप होतं. पिशव्या टाकल्या, नकाशा घेतला आणि पायी निघालो. उभ्याउभ्या पाव खाल्ला, फुकटात बघता येईल ते सगळं बघितलं. एका संग्रहालयात तर एका बाईंनी मलाच विचारलं, “बाहेर जायचा रस्ता कुठून?” कोटाचा रंग बघून त्यांना मी रखवालदार वाटलो. मीही हात चांगला लांब करून दार दाखवलं. बायकोला हसू आवरेना.

“चला, इथेही नोकरी लागली तुम्हाला,” ती म्हणाली.

दुपारी आम्ही रस्ता चुकलो. एका चौकाखाली भुयारी मार्ग होता आणि त्याला सात तोंडं. तिथे माझ्याच वयाचा एक रखवालदार उभा होता. बायकोने त्याला नदीकाठच्या बागेचा रस्ता विचारला. त्याने हनुवटीने कुठेतरी दाखवलं.

“हात करून सांगा ना दादा, आम्ही नवखी माणसं,” ती म्हणाली.

त्याने कोपर अंगाला तसंच चिकटवून ठेवलं आणि दार फिरावं तसा सगळाच्या सगळा त्या दिशेला वळला. बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं. कोट बघून तिला राहवलं नसावं.

“तुमचा हा कोट आहे ना, दादा...” तिने सुरुवात केली.

“दिसलं का तुम्हाला?” तो ओशाळून म्हणाला. “उसवलाय काखेत. पिना लावल्यात, पण टोचतात. म्हणून हात वर करत नाही, ताई. साहेबांना दिसलं तर म्हणतात, कपडे नीट ठेवता येत नाहीत तुला. आणि नीट काय ठेवणार? दहा तास असा आवळून उभा असतो. घरी गेल्यावर खांदा वर जायलाच तयार नसतो. सगळ्यांची हीच गत आहे. ज्याने कुणी हा बेतलाय ना, त्याला एक दिवस हाच कोट घालून इथं उभं केलं पाहिजे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको आता माझ्याकडे बघणार, असं वाटलं. तिने बघितलं नाही.

“हो, उसवलाय खरा,” ती म्हणाली आणि माझ्या दंडाला धरून चालू लागली. तिने मला पाठीशी घातलं, त्याची जास्त लाज वाटली. बागेत आम्ही बाकावर बसलो. नदी होती, होड्या होत्या. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

संध्याकाळी खोलीवर तिने मोठी पिशवी माझ्या हातात दिली. “वर फळीवर ठेवा.” मी दोन्ही हात उंच करून पिशवी फळीवर सरकवली. वळलो तर ती माझ्या काखेकडे बघत होती.

“तुमचा हात बरा वर जातो.”

मी हात खाली घेतले.

“याच्या शिवणीत किती कापड सोडलंय?”

“चार बोटं.”

ती पलंगावर बसली. म्हणाली, “पुढची ऑर्डर कधी आहे?”

“सोमवारी आखायचीय. सहा हजार आहेत.”

“याच मापाने?”

“मालकांना हेच माप पसंत आहे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच नको झाला.

दुसऱ्या दिवशी उंच मनोऱ्यावर जायचं होतं. वरून सगळं शहर दिसतं म्हणे. मी पहाटेच उठलो आणि बायकोची नखं कापायची कात्री घेऊन माझ्या कोटाची खालची दुमड उसवत बसलो. चांगली वीतभर रुंद दुमड होती. त्यातून दोन चौकोनी तुकडे निघाले.

“तू मनोरा बघून ये,” मी तिला म्हटलं.

“मी एकटी एवढ्या उंचावर जाऊन काय करू?” असं म्हणत तिने पिशवीतून सुईदोरा काढला.

रखवालदार तिथेच होता. रस्ता सांगितल्याबद्दल एवढं तरी करू द्या, असं बायकोनेच त्याला पटवलं. तो कोट काढून जिन्याखाली नुसत्या सदऱ्यात बसला. एक काख तिने घेतली, एक मी. इतकी वर्षं मशीन चालवून हातशिलाई माझ्या हातातून गेली होती. तिची काख आधी झाली, टाकेही तिचेच सरळ.

कोट घालून त्याने आधी एक हात भीतभीत वर केला, मग दुसरा. मग दोन्ही हात तसेच वर धरून उभा राहिला. येणारेजाणारे बघत होते, त्याला पर्वा नव्हती.

“दादा, तुम्ही शिंपी का?”

“हो.”

“कुठे असता?”

“छोटंसं दुकान आहे. आमच्या तिकडे,” मी म्हणालो.

बायको दोरा दातांनी तोडत होती. तिने मान वर केली नाही.

“हे कोट बेतायला तुमच्यासारखा माणूस हवा होता,” तो म्हणाला आणि त्याने पलीकडच्या दोघांना हाक मारली, “या रे, बघा माझा हात.”

ते दोघे आले. कोपरं अंगाशी धरून माझ्यासमोर उभे राहिले. एकाने काखेतली पीन काढून हातात घेतली होती. माझ्याकडचं कापड संपलं होतं.

“आमची गाडी आहे,” मी म्हणालो. त्या सकाळी मी बोललेलं तेवढंच खरं.

बसमध्ये चढल्यावर मी सवयीने खिडकीकडे सरकू लागलो.

“आज तिथे मी बसते,” बायको म्हणाली. “तुम्ही अलीकडे बसा.”

मी बसलो. कोट घडी करून मांडीवर ठेवला. उसवलेल्या दुमडीचे दोरे बाहेर लोंबत होते, ते आत सारले. बस निघाली तेव्हा म्हणालो, “सोमवारी दोन बोटं वाढवीन म्हणतो.”

“म्हणता की वाढवता?”

“मालक विचारतील ना.”

तिने तोंड काचेकडे वळवलं. मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलो. शहर संपायला तासभर लागला. ती काचेतून बाहेर बघत होती. आज तिने काचेवर बोट टेकवलं नाही, आकडाही उच्चारला नाही. फक्त मधूनमधून तिचे ओठ हलायचे.