बाणांची टोपडी

माझा नवरा शाक्वा बाणांच्या टोकांना चामडं गुंडाळायला बसला, की माझ्या भावाला, मारोबाला, चेव यायचा.

"काय दाजी, टोपडी बांधताय का लेकरांना? तीटपण लावा!"

शाक्वा आपलं काम चालूच ठेवायचा. इवल्याशा डिकडिक हरणाचं कातडं तो खरवडून पानासारखं पातळ करायचा, चरबी चोळून मऊ करायचा आणि त्याची लांब वादी कापून बाणाच्या पात्यावर दुहेरी गुंडाळायचा. आमच्याकडे इयासी तळ्यावरून कोरडा वारा सुटतो. पात्याला फासलेलं विष उघडं राहिलं तर वाळून त्याचे पोपडे झडतात. बाकीचे पुरुष एकच पदर गुंडाळायचे. मारोबा तोही जेमतेम.

"तुम्ही ते सोडेपर्यंत जनावर नातवंडांना भेटून येईल," तो म्हणायचा.

एकदा पोळ्याची वाट दाखवणारा मधाचा पक्षी आमच्या झोपड्यांशी येऊन किलबिलाट करायला लागला. आम्ही तिघं त्याच्या मागं निघालो. पक्षी एका जाडजूड गोरखचिंचेवर जाऊन बसला. शाक्वानं धनुष्य आणि बाण बुंध्याशी गवतात ठेवले नि धुरासाठी काटक्या पेटवल्या. मारोबा खोडात खुंट्या ठोकत वर चढला. पोळ्यात हात घातला मात्र, माश्या त्याच्या कमरेच्या फडक्यात शिरल्या. तो किंचाळला, पायाखालची खुंटी मोडली आणि स्वारी थेट बाणांवर येऊन बसली.

"लागलं! मेलो!"

"कुठं लागलं?" मी धावले.

"ताई, तुला दाखवता येत नाही तिथं!"

त्या विषानं जिराफ आडवा होतो. शाक्वानं त्याला पालथं केलं. "हलू नकोस."

"आता कशाला हलतोय? धनुष्य माझ्या पोराला द्या," मारोबा रडत म्हणाला. "आणि दाजी, जुगारात तुमचे बाण मी लबाडीनं जिंकले."

"सगळे?"

"सगळे नाही. बरेचसे."

शाक्वानं एक-एक बाण उचलून पाहिला. एकावरचा वरचा पदर फाटला होता. आतला शाबूत होता. टोक बाहेर आलंच नव्हतं. मग त्यानं जखम पाहिली.

"मधमाशीचा काटा आहे. बाकी नुसतं लाल झालंय."

"नीट बघा, दाजी!"

"किती बघू? बघण्यासारखं आहे का ते?"

मी आधी रडले, मग अशी हसत सुटले की मला खाली बसावं लागलं. मग शाक्वानंही डोळे पुसले. तो स्वतः वर चढला आणि पोळं घेऊन उतरला. मध, मेण, अळ्या, सगळं आम्ही तिथंच चापलं. मारोबानं उभ्यानंच खाल्लं.

संध्याकाळी मारोबानं वस्तीत स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगितली. त्याच्या तोंडी ते झाड डोंगराएवढं झालं होतं. शाक्वानं सगळं ऐकून घेतलं, मग हात पुढं केला.

"बरेचसे बाण दे."

मारोबानं ते आणून दिले. तरी तो तिथंच घुटमळत राहिला.

"दाजी, ते चामडं गुंडाळायची सुरुवात कुठून करायची?"

"आधी बस."

"बसता आलं असतं तर बसलो नसतो का?"

शेवटी तो गुडघ्यांवर टेकला. त्याचं पहिलं टोपडं इतकं वाकडं झालं, की शाक्वानं ते सोडून वादी पुन्हा त्याच्या हातात दिली.