पंधरा दिवसांचा देव

मी एक जुना पट आहे. नुसता जुना म्हटलं तर तुम्हाला माझी दया येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो, मी पंधरा दिवस देव होतो. खराखुरा, नैवेद्य खाणारा. त्यापुढची हकीकत ऐकलीत तर देव होण्याची हौस तुम्हाला कधी वाटणार नाही.

आमच्या गावच्या जगन्नाथाला ज्येष्ठ पौर्णिमेला एकशे आठ घागरींनी न्हाऊ घालतात. एवढ्या पाण्याने देवाला ताप भरतो आणि तो पंधरा दिवस दाराआड पडून राहतो. देव आजारी असला म्हणून गावाला दर्शन थोडंच चुकवता येतं? तेवढे दिवस मूर्तीच्या जागी पटावर रंगवलेला देव बसतो. ताप उतरला की देव आपला पुन्हा मूर्तीत जातो, आणि पट गुंडाळला जातो.

मित्रांनो, माझा जन्म दोन विरलेल्या सुती साड्यांतून झाला. चित्रकार गोवर्धन महापात्रांची सून कुंतला हिने चिंचोके शिजवून खळ केली, दोन्ही साड्या एकमेकींना चिकटवल्या, वर खडूच्या भुकटीचे थर दिले आणि गुळगुळीत गोट्याने मला दोन दिवस घासलं. मी कुरकुरलो नाही. घासल्याशिवाय पटाला अंग येत नाही, एवढं मला उपजतच ठाऊक होतं.

देवाचा पट काढण्याचा मान महापात्रांच्या घराकडे तीन पिढ्या होता. त्या मानाबरोबर सगळ्या गावासमोर डोक्याला रेशमी वस्त्र बांधलं जाई आणि तळ्याकाठची देवळाची भातशेती कसायला मिळे. काम चालू असताना चित्रकाराने एकवेळ जेवायचं, जमिनीवर निजायचं, खोटं बोलायचं नाही. घरातल्या बायकांनी शंख कुटून पांढरा रंग करावा, दिव्याची काजळी धरून काळा करावा. देवाच्या अंगाला कुंचला मात्र त्यांनी लावायचा नाही.

आणि गोवर्धनबापांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. मुलगा सुरतेला कापडाच्या मागावर कामाला, त्याला साधी वेल काढता येईना. शेजारच्या गल्लीतला त्यांचा चुलतभाऊ अरक्षित, मान आपल्या घरी यावा म्हणून, या दिवसाची वाटच बघत बसलेला. मग बापांनी एका सकाळी दार लावून घेतलं आणि कुंचला सुनेच्या हातात दिला.

उपास तिनेच केला. जमिनीवर तीच निजली. चार वर्षांची लेक टुनी दाराबाहेर रडायची, तरी नेम मोडेल म्हणून तिने तिला जवळ घेतलं नाही. बापा आपले पाटावर बसून पान चघळत आणि मोठ्याने श्लोक म्हणत, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं काम तेच करताहेत. कुंतलाने माझे चार हात काढले, शंख-चक्र काढलं, काठावर दहा अवतार मांडले. तिच्या नरसिंहाच्या मांडीवर पडलेला हिरण्यकशिपू असा काही घाबरला होता की मला त्याची कीव यायची. एकदाही तिला रेघ पुसावी लागली नाही. मला इतकं सुंदर कोणी केलं नव्हतं, पुढेही केलं नाही.

राहिले डोळे. ते काढले की पटात देव येतो. तिथे बापा अडले.

"सगळं काढलं आहे, बापा. डोळेही काढते," ती म्हणाली.

"बोहू, बाईच्या हातून देवाला नजर देऊ? इतका का मी मेलोय?"

त्यांनी कुंचला ओढून घेतला. उजवा डोळा कसाबसा साधला. डाव्याला हात हलला आणि बुबुळ कोपऱ्यात जाऊन बसलं. कुंतला म्हणाली, ओलं आहे तोवर मी सावरते. त्यांनी सावरू दिलं नाही. वर लाखेचा हात फिरवून टाकला आणि माझी नजर कायमची तिरपी झाली.

पंधरा दिवस मला फुलं मिळाली, पंखा मिळाला, फळांचा नैवेद्य मिळाला. लोक मात्र हात जोडता जोडता कुजबुजत, की देव या वर्षी आपल्याकडे बघतच नाही. पुढे रथाच्या दिवशी दोर तुटला आणि दोघांचे पाय मोडले. दोर कुजका होता, पण त्याची चौकशी कोणी केली नाही. देवळासमोर गाव जमला आणि पुजाऱ्याने मला सगळ्यांसमोर उलगडून विचारलं, हा डोळा कोणी काढला?

गोवर्धनबापा उठले. पट सगळा माझा, म्हणाले. मी स्नानाला गेलो तेवढ्यात सुनेने पोरकटपणा केला, डाव्या डोळ्याला हात लावला.

मित्रांनो, मला तोंड होतं. कुंतलानेच काढलेलं, पानाने रंगल्यासारखं लालचुटुक. त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही. तिने जे जे काढलं ते म्हाताऱ्याने आपलं करून घेतलं आणि स्वतः जे बिघडवलं ते तिच्या माथी मारलं. ती बोलायला उभी राहिली, तर तिच्याच सासूने तिला पदर धरून खाली बसवलं. निकाल झाला. सुनेने माहेरी जावं, जाताना पट स्वतःच्या हाताने तळ्यात बुडवावा. टुनी मात्र महापात्रांची, ती इथेच राहील. सुरतेहून नवऱ्याचा फोन आला, तो सांगत होता, बापा म्हणतात तसं कर.

तिने मला बुडवलं नाही. बोचक्यात घालून माहेरी नेलं, आणि तिथे पहिलं काम काय केलं असेल? अंगणात पसरून माझ्या छातीवर उडदाचे सांडगे घातले.

तिची आई हबकली. "देवावर सांडगे घालतेस?"

"देव केव्हाच निघून गेला त्यातून. आता कापड आहे."

लाखेमुळे सांडगे चिकटत नाहीत म्हणून शेजारणीही मला मागून नेऊ लागल्या. मला राग आला. ज्या हातांनी घडवलं तेच हात असे वागतात, तेव्हा फार लागतं. पण सांडगे घालताना ती टुनीचं नाव पुटपुटायची, आणि मग माझा राग टिकायचा नाही.

वर्ष सरत आलं. देवाचं न्हाण महिन्यावर आलं तसे गोवर्धनबापा स्वतः दारात उभे राहिले. झालं ते झालं म्हणाले, सासऱ्याचं काय मनात धरायचं, शंख कुटायला तुझ्या सासूशिवाय घरात कोणी नाही.

कुंतलाने ऐकून घेतलं. "येते. पण आधी टुनीला इथे आणा. आणि पुजाऱ्यांनाही आणा. मला घालवायला ते होते, न्यायलाही येऊ देत."

तिसऱ्या दिवशी तिघे आले. टुनी आईला ओळखायला क्षणभर बिचकली, आणि पुजारी मला बघून; त्याच्या लेखी मी तळ्यात बुडालेला होतो. कुंतलाने तिला कडेवर घेतलं, माझ्यावरचे सांडगे झटकले, करवंटीत काजळी कालवली आणि कुंचला सासऱ्यापुढे धरला.

"हा डोळा मी बिघडवला ना, बापा? तुम्ही नीट करा. पुजाऱ्यांच्या देखत करा. लगेच निघते मी."

अंगणात शेजारी जमले होते. म्हातारा माझ्यावर ओणवा झाला. कुंचला टेकला आणि बुबुळापासून नाकापर्यंत काळा ओघळ आला.

"ऊन डोळ्यांवर येतंय," ते म्हणाले.

कुंतलाने मला धरून सावलीत ओढलं. "घ्या. आता सावली आहे."

मित्रांनो, थांबली असती तरी चाललं असतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण ती थांबली नाही. म्हाताऱ्याने उजव्या हाताचं मनगट डाव्याने घट्ट धरलं, पुन्हा टेकवलं, आणि या वेळी कुंचला माझ्या चांगल्या डोळ्यावर घसरला. तेवढ्यावर माझं बघणं संपलं. पुढचं मी नुसतं ऐकलं.

"तो डोळा माझाच होता," ते म्हणाले. "पट हिचा. सगळा हिचा."

पुजाऱ्याने घसा साफ केला. बाईचा हात लागलेला पट देवळाला चालत नाही, आणि थरथरता हातही चालत नाही, तेव्हा यंदापासून मान अरक्षितच्या घरी, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिच्या रेघेबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. कुंतलानेही विचारलं नाही. टुनी आता इथेच राहील, एवढंच ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन आत निघून गेली. म्हातारा उन्हात परत गेला. त्याला पाणीही कोणी विचारलं नाही.

मित्रांनो, जुने पट जपा, त्यांना ओल लागू देऊ नका, हे मी सांगायलाच हवं. पण त्याच्याही आधी एक करा. चित्र आवडलं की कोणी काढलं म्हणून विचारता, तसं बिघडलेलं दिसलं तरी विचारा, आणि ज्याच्यावर आळ आला आहे त्याला आधी बोलू द्या. कुंतलाला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून तिला माझे डोळे खर्ची घालावे लागले. त्याचं मला दुःख नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. टुनी रोज दुपारी माझ्यावर निजते. ती दिवसेंदिवस जड होते आहे, एवढं मला कळतं. ती दिसते कशी, ते मात्र मला दुसऱ्यांना विचारता येत नाही.