नानांची नक्कल

"आई, धुरातून उठ बरं. डोये पाहाय कसे झाले तुहे," देवचंद म्हणाला.

केसरबाई उठल्या नाहीत. धुराचं निमित्त त्यांना बरंच होतं. असोद्याच्या मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ चांगला पेटला होता, त्यात भरताची वांगी फटफट फुटत होती आणि त्यांच्या मालकाला, पितांबरनानांना, जाऊन वर्ष उलटलं होतं. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी केळीच्या ट्रकचे ड्रायव्हर मेहरूणच्या घरी येऊन उभे राहिले. नानांची भरीत पार्टी मोडायची नाही म्हणाले. वांगी आमची, मळा तुमचा. देवचंदला नाही म्हणवेना. केसरबाईंना यायचंच नव्हतं, पण "तू नाही तर मीबी नाही" असं पोरगा अडून बसल्यावर त्या मुकाट्याने जीपमध्ये बसल्या. हल्ली त्या सगळंच मुकाट्याने करत.

पितांबरनाना केळीचे व्यापारी. रावेरपासून दिल्लीपर्यंत त्यांचा माल जाई आणि मालाच्या पुढे त्यांचे किस्से जात. एकदा रिकाम्या ट्रकमध्ये गाद्या टाकून त्यांनी अख्खं खटलं सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं आणि येताना त्याच ट्रकमधून घोडा आणला. घोडा गाद्यांवर, माणसं एसटीने! त्या घोड्यावर पुढे कधी कोणी बसलं नाही ही गोष्ट वेगळी. नातवंडांना झोपवायला बसले की नातवंडं टक्क जागी आणि हे घोरत. वाटेत माल नासला तर ड्रायव्हरला आधी विचारत, "तू जेवला का?" आणि नकला तर अशा करत, की ज्याची नक्कल तोच पहिला हसे.

आता गंमत नानांची आणि राबणं केसरबाईंचं, हा संसाराचा हिशेब. मग केसरबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटे. नाना तो कान देऊन ऐकत, जणू रेडिओवर नाटक चाललंय.

मागल्या, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत नाना म्हणाले होते, पंचवीस माणसं आहेत. केसरबाईंनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ तेवढंच भिजवलं. नऊला निरोप आला, चाळीस. दहाला आला, साठ. अकराला नाना स्वतःच टोपल्या न्यायला आले आणि दारातूनच म्हणाले, "ऐंशी धर." तेव्हा हातातला झारा उगारून केसरबाई कडाडल्या होत्या, "आता तठीच राहा तुम्ही! अठी घरी येऊच नका!"

नाना आले नाहीत. मळ्यातच जेवून, हात धुऊन, "जरा पडतो" म्हणत लिंबाखालच्या खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

ते वाक्य केसरबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोराला नाही, पाठच्या बहिणीला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. दूध उतू गेलं तरी गप्प. सुनेला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. आपला माणूस शेवटी आपल्या तोंडून काय ऐकून गेला, ते आठवून केसरबाई अर्ध्या ताटावरून उठत.

सोललेली वांगी लाकडी बडगीत पडली. ठेचणं सुरू झालं. ठेचता ठेचता कोणीतरी म्हणालं, "नानांवानी नक्कल कोन करन आता?" लगेच धुळ्याचा वना ड्रायव्हर उठला. त्याने गमछा पदरासारखा डोक्यावर घेतला, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हातात पऱ्हाटी उगारली आणि बारीक आवाज काढला, "आता तठीच राहा तुम्ही! अठी घरी येऊच नका!"

ठेचणं थांबलं. कोणीतरी वनाचा सदरा ओढला. त्याने वळून पाहिलं तर जाळापलीकडे केसरबाई उभ्या. वनाने घाईघाईने गमछा काढला.

केसरबाई जवळ आल्या. "हे तुले कोनं दाखोलं?"

"नानास्नी, अक्का." वना खाली बघत होता. "त्याच रोज. आठेच. मनी चूक व्हयनी, माफ करा."

"रागात होते का ते?"

"राग?" वनाने मान वर केली. "अक्का, नाना हासी हासी बेजार व्हयनात! तीन खेप करी दाखाडं त्यास्नी. बठ्ठा लोके पोट धरी हासेत."

"अन् मंग?"

"मंग तुमनासाठे डबामा भरीत भरं. नाना म्हणेत, दरसाल ती माले घर येऊ नको म्हणस, नि दरसाल हाऊ डबा पुढे करा का दार उघडस."

"डबा? मले कुठी भेटला डबा?"

वना वळला. ट्रककडे गेला आणि कॅबिनमधून कागदात गुंडाळलेला कडीचा डबा घेऊन आला. घासून लख्ख केलेला. झाकणावर नाव कोरलं होतं, केसरबाई पितांबर चौधरी.

"कोनी खाई जाई म्हणीसन नानास्नी मना ट्रकमा ठेवा व्हता. त्या गडबडमा तसाच दिल्ली गया. मंग तुमना घर येवाले मना पाय उचलेना, अक्का."

केसरबाईंनी डबा दोन्ही हातांनी धरला. म्हणजे ते घरी येणारच होते. डबा भरून, तयारीने येणार होते. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं.

"वर्ष झालं मेल्या!" त्या कडाडल्या. वना दचकून दोन पावलं मागे सरला. "वर्षभर माहा डबा घेऊन हिंडतो? अन् इतक्या मिरच्या कोनं टाकल्या रे बडगीत? माराचे आहेत का लोकं? देवचंद, जोडे घालून उभा आहे तू जेवनापाशी, लाज वाटते का? अन् तो तुमचा नाना! डाक्तरनं सांगतलं होतं जपून खा, तर तीनदा वाढून घेतलं असन त्यानं! ऐंशी मानसं जेवाले बोलावले, अन् मले एकटीले..."

आवाज फाटला. त्यांनी पदराने तोंड पुसलं, श्वास घेतला आणि मिरच्यांपासून पुन्हा सुरुवात केली.

देवचंदने वाकून जोडे काढले, बांधावर नेऊन ठेवले आणि राहिलेलं ऐकायला पुन्हा आईसमोर येऊन उभा राहिला.