‘डेंजर’ पाटी चहाच्या कपाटावर

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, आणि भयंकर भित्री आहे. हसू नका मित्रांनो! अंगावर ठसठशीत ‘डेंजर’ लिहिलंय म्हणून काय झालं? घाबरवणाऱ्यालाही भीती वाटतेच की.

साबणाच्या कारखान्यात रंगाऱ्याने मला लाल रंगवलं आणि माझ्या धाकट्या बहिणीला, ‘कॉशन’ला, पिवळं. दोघी धोक्याचंच सांगतो, पण वेगवेगळं. ती बटणावर असली तर, ‘जपून, आधी हाक द्या, मग मशीन चालू करा.’ मी असले तर, ‘हातच लावू नका, आत माणूस आहे.’ सुरुवातीला माझा काय दरारा होता! पुढे कुणी मला ओल्या फरशीवर उभं केलं, कुणी मोडक्या खुर्चीवर. एकदा तर सुपरवायझरसाहेबांनी साखर कमी होते म्हणून चक्क चहाच्या कपाटाला बांधलं. सगळे खो खो हसले.

त्याच दुपारी साबण ढवळायच्या मशीनची पाती अडकली. फिटरमामांनी मशीन बंद केलं आणि मला शोधलं. मी जागेवर नव्हते.

“जाऊ दे, दोन्हींचा अर्थ एकच,” असं पुटपुटत त्यांनी माझ्या बहिणीला बटणावर अडकवलं आणि ते मशीनच्या पोटात उतरले. मी समोरच्या कपाटावरून बघत होते. माझी तर पाचावर धारण बसली.

जेवण आटोपून मामांची सख्खी भाची आली. मशीन तीच चालवायची. तिने पाटी वाचली, पट्टा तपासला, तेल बघितलं. मग बोट बटणाकडे नेलं. मला ओरडायचं होतं हो! पण पत्र्याला कुठला आवाज?

“चालू करतेय हं!” तिने हाक दिली.

शेजारच्या मशीनच्या घरघरीत हाक विरून गेली. देवा, आता दाबणार ही! पण पोरगी गुणाची. तिने पुन्हा, घसा ताणून हाक दिली.

“अगं ए, थांब! मी आत आहे!”

मामा साबणाने माखलेले बाहेर आले. भाची रडायलाच लागली. “मामा, मी आईला काय तोंड दाखवलं असतं रे?”

“चुकलो गं. मला वाटलं, चालून जाईल.”

मग ती मला सोडवायला कपाटाकडे आली. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली.

मित्रांनो, मला उगाच कुठेही अडकवू नका. मी जागेवर नसले तर माझं काहीच जात नाही, आतला माणूस जातो.