माहितीदाता क्रमांक चार

प्रियदर्शनीच्या प्रबंधाचा विषय भारदस्त होता: वसाहतवाद गेल्यावर ज्ञान कुणाचं? तिचे मार्गदर्शक सोमेश्वर सर यावर तास तास बोलत. निजाम गेला, गोरा साहेब गेला, पण आपण अजून साहेबाच्याच डोळ्यांनी बघतो, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आणि आज त्याच सरांनी लाल पेनाने तिच्या आत्याचं नाव खोडून ठेवलं होतं.

आत्या म्हणजे वसमतजवळच्या खेड्यातली नर्मदाबाई. तीस वर्षं हळद शिजवणारी बाई. कढईतून एक हळकुंड काढायचं, त्यात तुरीची काडी टोचायची आणि ती कशी शिरते ते बघून कढईखालचा जाळ बाहेर ओढायचा, ही तिची रीत. पुस्तकात हळद शिजवायला पाऊण तास दिलाय, असं भाचीने सांगितलं तेव्हा ती फणकारली होती.

"कोणच्या रानातल्या हळदीचा पाऊण तास? पुस्तकवाल्याच्याच रानातला आसंल. मंग त्याचं ते ज्ञान अन् माझी ती समजूत, काहून?"

सगळा प्रबंध या सवालावर उभा होता. प्रियदर्शनीने संदर्भयादीत, मोठमोठ्या विचारवंतांच्या रांगेत, आत्याचं नाव लिहिलं होतं. तिथे आता सरांच्या अक्षरात होतं: माहितीदाता क्रमांक चार.

"गावातल्या बाईकडून माहिती घ्यायची असते, विचार नाही," सर म्हणाले. "एवढं बदला, लगेच सही करतो. नाहीतर हे वर्ष गेलं समजा."

प्रियदर्शनी या प्रबंधासाठी पाच वर्षं खपली होती बिचारी. पण भीतीपेक्षा संताप मोठा निघाला.

"विचार तिचाच आहे सर. मी नुसता उतरवून घेतला."

"तसा नियम आहे."

"बरं. नियम सगळ्यांना बराबर लावू."

तिने पहिलं पान पुढे ओढलं, सरांचाच लाल पेन उचलला. स्वतःचं नाव खोडून लिहिलं: संशोधक क्रमांक एक. त्याखाली पदव्यांसकट सरांचं नाव होतं. तेही खोडलं आणि लिहिलं: मार्गदर्शक क्रमांक एक.

सर ताडकन उठले. "माझं नाव काहून खोडलं?"

"जिवाला लागलं ना, सर?" तिने पेन त्यांच्यापुढे ठेवला. "वर्ष गेलं तर जाऊ द्या. आधी आत्याचं नाव लिहा, मंग तुमचंबी लिहिते."