चमच्यावरचे नाव

मी एक जुना चमचा आहे. ॲल्युमिनियमचा, दांड्यात जरासा वाकलेला, कडेला काळपट डाग पडलेला. सध्या माझा मुक्काम रशियात नोवगोरोदजवळच्या एका शाळेत, भूगोलाच्या बाईंच्या टेबलाच्या खणात असतो. माझ्या दांड्यावर एक नाव कोरलेले आहे. मित्रांनो, ते नाव खरे आहे, ते कोरणारा माणूसही खरा होता, आणि तरीसुद्धा त्या नावाने मी भल्या माणसांना फसवले. त्या गोष्टीचा सल मला अजून आहे. म्हणून ती तुम्हाला सांगतो.

माझा जन्म १९४२ च्या मार्च महिन्यात झाला. आमच्या इथल्या दलदलीत एक विमान कोसळले होते. ते आपले की जर्मनांचे, हे कुणी पाहिले नाही. शिपायांनी त्याचा पत्रा तोडून नेला. त्यातला एक तुकडा तेरेंती लुझगिन नावाच्या शिपायाने डब्यात घालून शेकोटीवर वितळवला आणि ओल्या वाळूच्या साच्यात ओतला. तेरेंती दूरच्या व्यात्का भागातला. गावी तो नालबंद होता, म्हणून धातूची त्याला भीती नव्हती. एका घोडीने लाथ मारून त्याचे वरचे पुढचे दोन दात पाडले होते, पण त्या घोडीबद्दलही तो प्रेमाने बोलायचा. मी थंड झाल्यावर त्याने मला घासले, वाळूचे कण उडवले आणि संगिनीच्या टोकाने दांड्यावर कोरले : ते. लुझगिन.

मी बुटाच्या आत, त्याच्या पोटरीला लागून राहायचो. तो पळताना मी त्याला टोचायचो आणि तो मला शिव्या द्यायचा. जेवण म्हणजे सात-आठ जणांत एक पातेले. प्रत्येकाने आपापल्या पाळीला चमचा घालायचा, दुसऱ्याची पाळी खायची नाही. लापशी इतकी पातळ असे की पातेल्याचा तळ मला रोज दिसायचा. तरी ते दिवस मला चांगले वाटत. कामाचा चमचा होतो मी.

तेरेंतीच्या शेजारी एक तातार पोरगा झोपायचा. गैनान सफीन त्याचे नाव. एकोणीस वर्षांचा, घरी मेंढ्या राखणारा. तो तेरेंतीला काका म्हणायचा.

त्या वेळी प्रत्येक शिपायाला करंगळीएवढी काळी डबी दिलेली असे. तिच्यात कागदाची पट्टी. तिच्यावर नाव, गाव आणि घरच्यांचा पत्ता लिहून ठेवायचा, म्हणजे शिपाई पडला तर तो कोण ते कळावे. एकदा गैनान पेन्सिल तोंडात धरून त्या पट्टीकडे बघत बसला होता.

"काका, तू लिहिलंस का रे?"

"मला काय वेड लागलंय? लिहिलं म्हणजे मरणाला घरचा पत्ता दिल्यासारखं. कोरीच ठेव. घरी गेलास की आईला दे ती डबी, सुया ठेवायला बरी आहे."

गैनानने पट्टी तशीच गुंडाळून ठेवली. तेरेंतीने हे वाईट बुद्धीने सांगितले नव्हते. निम्म्या पलटणीचा तोच समज होता, आणि पोराचा जीव वाचावा असेच त्याला वाटत होते.

एप्रिलमध्ये बर्फ वितळले आणि गैनानचा चमचा चिखलात गेला. दोन दिवस तो कडेला बसून, सगळ्यांचे झाले की पातेले बोटाने पुसून खायचा. तिसऱ्या दिवशी तेरेंतीच्या पायात तोफगोळ्याची कपची घुसली. त्याला न्यायला दोघे झोळी घेऊन आले, तेव्हा त्याने बुटातून मला काढले.

"घे. बिनचमच्याचा बसलास तर ही मंडळी तुला बोटं चाटायलाही काही उरू द्यायची नाहीत."

"मग तू कशानं खाशील?"

"इस्पितळात बायका भरवतात म्हणे." तो हसला तेव्हा दोन दातांची खिंड दिसली. "परत आलो की मागून घेईन. जपून ठेव."

तेरेंतीला मी पाहिले ते तेवढेच. झोळी झाडांमागे गेली. ती इस्पितळापर्यंत पोहोचली की नाही, हे मला ठाऊक नाही.

त्या दुपारी गैनानने चाकू काढला. चमच्यावर आपलेच नाव असावे, अशी तिथली रीत होती. चाकूचे टोक माझ्यावर टेकवून तो थांबला. "नको," तो स्वतःशीच म्हणाला. "काकाचं नाव खोडलं आणि काका परतच आला नाही तर?" आणि त्याने चाकू मिटला. मित्रांनो, मी त्या वेळी सुखावलो होतो. आपल्यावर दोन ओरखडे पडले नाहीत एवढेच मला कळले. ते दोन ओरखडे किती हवे होते, हे कळायला मला पंचाहत्तर वर्षे लागली.

जून महिन्यात गैनान पडला. दलदलीच्या कडेला एक गोळा फुटला आणि वरची माती आमच्यावर आली. मी त्याच्या बुटात होतो आणि बुटातच राहिलो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. बर्च झाडांची मुळे आली, पाणी आले, गेले. बुटाचे कातडे टिकले.

मग एका मे महिन्यात एक लोखंडी सळई मातीतून खाली आली आणि बुटाला लागली. वरून कुणीतरी म्हणाले, "थांबा. हा दगड नाही."

तो प्रोखोर होता. ट्रॅक्टर चालवून निवृत्त झालेला, सळईच्या आवाजावरून दगड, लाकूड आणि हाड ओळखणारा. त्याच्यासोबत लिदिया पावलोव्हना होत्या, म्हणजे याच आमच्या भूगोलाच्या बाई. दर वसंतात ही मंडळी सुट्टी काढून दलदलीत उतरतात आणि हरवलेले शिपाई शोधतात. ब्रशने, हाताने, गुडघ्यांवर बसून. आधी त्यांना काळी डबी मिळाली. बाईंनी ती ओल्या कापडात घेऊन जपून उघडली, पट्टी उलगडली. कोरी होती. त्यांचा चेहरा उतरला. मग बुटातून मी निघालो. त्यांनी मला बाहीला पुसले आणि नाव वाचले.

"लुझगिन," त्या म्हणाल्या. "प्रोखोर, नाव मिळालं."

"नाव चमच्याचं मिळालं. माणसाचं अजून मिळायचंय."

"तुला नाट लावल्याशिवाय चैन पडत नाही."

"नुसत्या चमच्यावर जायचं नाही, हे तुम्हीच सांगता ना बाई दर वर्षी?"

प्रोखोर बरोबर बोलत होता. पण चार वर्षांत त्यांना एकही नाव मिळाले नव्हते, आणि माणूस फार दिवस उपाशी राहिला की पान वाढण्याची वाट बघत नाही. बाईंनी याद्या चाळल्या. तेरेंती लुझगिन, एप्रिल १९४२ पासून बेपत्ता. मुलगी हयात : सेराफिमा तेरेंत्येव्हना, वय एक्क्याऐंशी. बाईंनी त्याच दिवशी फोन लावला. बातमी सांगितली. मग पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "आई गेली हो माझी. तिला सांगायला हवं होतं."

दुसऱ्याच दिवशी प्रोखोर जबड्याचे हाड कागदावर ठेवून घेऊन आला.

"हे बघा. अक्कलदाढ आत्ता कुठे वर येतेय. लुझगिन तेव्हा छत्तीस वर्षांचा. हे पोर विशीतलंसुद्धा नाही."

"काहींना उशिरा येते."

"मला अजून आलीच नाही असं माझी बायको म्हणते. पण हाडाला थट्टा कळत नाही, बाई. फोन करा आणि सांगा, चूक झाली."

"पंचाहत्तर वर्षं थांबलेल्या बाईला मी हे सांगू?"

"तुम्ही नाही तर कोण सांगणार?"

त्यांनी सांगितले नाही. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो. त्यांची बोटे सारखी माझ्या दांड्यावरची अक्षरे चाचपत राहिली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो की हा गैनान आहे, यालाही आई होती, तिच्या माणसांना कुणीच फोन केलेला नाही. पण नाव माझ्या अंगावर दुसऱ्याचे होते.

जर्मनांशी आमचे युद्ध सुरू झाले त्या तारखेला, बावीस जूनला, दफन ठरले. सेराफिमा तेरेंत्येव्हना दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून आल्या. बुटक्या, डोक्याला रुमाल, हातात कापडाची पुरचुंडी. तिच्यात त्यांच्या आईच्या थडग्यावरची माती होती. बायकोची माती नवऱ्याच्या थडग्यात मिसळायची, म्हणजे दोघे एकत्र आले. तिकडे लोक असेच करतात.

"गावात काय काय बोलायचे," त्या वसंतात सापडलेल्या शिपायांच्या, लाल कापड लावलेल्या शवपेट्यांसमोर बाकावर बसत त्या म्हणाल्या. "बेपत्ता म्हणजे जर्मनांना जाऊन मिळाला असेल. शाळेत पोरं माझ्याशेजारी बसायची नाहीत. आज गावातल्या चौघींना सांगून आलेय, बापाला पुरायला चालले म्हणून. आता उघडा. मला बघू दे."

"सेराफिमा तेरेंत्येव्हना, तसं कुणी बघत नाही," लिदिया पावलोव्हना म्हणाल्या. " आठवणीतला चेहरा राहू द्यावा."

"मी पाच वर्षांची होते. माझ्या आठवणीत चेहराच नाही. उघडा."

प्रोखोरने झाकण काढले. म्हातारी वाकली. कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली.

"आई सांगायची," ती हळू म्हणाली, "तुझ्या बापानं शीळ घालायला तोंड केलं की नुसता वारा यायचा. पुढचे दोन दात घोडीनं पाडलेले. याचे तर सगळे जागेवर आहेत."

 लिदिया पावलोव्हनांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दीड महिना झाला."

"आणि मला दोन दिवस गाडीत बसवून आणलंत."

"तुम्हाला एखादं थडगं मिळावं, एवढंच..."

"माझ्या आईला कितीतरी लोकांनी असं गोड गोड सांगितलं. आज येईल, उद्या पत्र येईल. त्यातच तिचं आयुष्य गेलं." म्हातारी रागावली होती, पण आवाज चढला नव्हता. "खोट्या थडग्यावर रडायला मी आले नाही, बाई. आणि या पोरावर माझ्या बापाचं नाव ठोकलंत, तर याची माणसं याला कुठं शोधणार?"

बाईंनी मान खाली घातली आणि मला तिच्या हातात ठेवले. "नियमानं हा तुमचा आहे. अक्षर तुमच्या वडिलांचंच असणार."

तिने मला उजेडात धरले. अक्षरांवरून अंगठा फिरवला. 

"याच्याकडे कसा आला हा?"

"कुणी सांगावं," प्रोखोर म्हणाला. "पडलेला उचलला असेल. एखाद्या मेलेल्याचा घेतला असेल."

"तसा घेतलेला असता तर नाव खरवडून टाकलं असतं. यानं ठेवलंय. दिलाच असणार माझ्या बापानं." आणि तिने मला परत लिदिया पावलोव्हनांच्या तळहातावर ठेवले. "बापानं दुसऱ्याला दिलेली वस्तू मी परत कशी नेऊ? याच्या माणसांना द्या."

"त्याची माणसं कोण, तेच तर ठाऊक नाही."

"मग शोधा. दीड महिना गप्प बसलात, आता एवढं तरी करा."

मित्रांनो, त्या म्हातारीला बापाची म्हणून हातात धरायला जगात दुसरी एकही वस्तू नव्हती. मला कुशीत घेऊन ती निघून गेली असती, तर कुणी एक शब्दही काढला नसता.

प्रोखोरने पेटीवरची नावाची पाटी स्क्रू काढून उतरवली. गैनानला बिननावाचे पुरले. मातीची पुरचुंडी म्हातारीने सोडली नाही. "ही परक्यावर टाकली तर मी वर गेल्यावर आई मला आत घेणार नाही. रागीट होती फार," ती म्हणाली. मग पिशवीतून तिने मूठभर साखरेच्या गोळ्या काढल्या आणि पेटीवर ठेवल्या. म्हणाली, पोरच आहे, गोड आवडत असेल.

लिदिया पावलोव्हनांनी मग खरोखर शोध घेतला. तेरेंतीच्या तुकडीतले, त्याच दलदलीत बेपत्ता झालेले आणि वयाने विशीच्या आतले असे अकरा जण निघाले. त्यांनी अकराही गावांना पत्रे लिहिली. काही परत आली, काहींना उत्तरच नाही, दोन गावे आता उरलेलीच नाहीत. त्यात गैनानचे एक. सेराफिमा तेरेंत्येव्हना दर रविवारी फोन करायच्या. स्वतःच्या बापाबद्दल त्यांनी कधी विचारले नाही. "त्या पोराचं काही कळलं का?" एवढेच विचारायच्या. चौथ्या वर्षी शरद ऋतूत एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी शेजारणीचा आला.

मित्रांनो, मला एवढेच मागायचे आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याच्यापाशी बसा आणि विचारून घ्या, ही वस्तू कुणाची, कुणी दिली, का दिली. नंतर आमच्या तोंडाकडे बघू नका. आम्हाला सगळे ठाऊक असते, पण आम्हाला सांगता येत नाही. आणि आपले नाव लिहायला भिऊ नका. मरण पत्ता विचारून येत नाही, पण तुम्हाला शोधणाऱ्या माणसांना पत्ता लागतो.

आता पुन्हा वसंत आला आहे. दलदलीकडे निघण्याआधी लिदिया पावलोव्हना मला खणातून बाहेर काढतात, समोर ठेवतात आणि ती यादी मोठ्याने वाचतात. अकरा नावे, सावकाश, एकेक. सातवे नाव गैनान सफीन आहे. त्या ते वाचतात, माझ्याकडे बघतात, आणि आठव्या नावाकडे वळतात.