भ्यालेली लोकर

राजकुंवरचं लग्न झालं ते साल १९६४. त्याच हिवाळ्यात मी जन्मलो. मित्रांनो, मी एक जुना, तपकिरी, हाताने विणलेला स्वेटर आहे. राजकुंवरचे वडील चंपालाल शेठ यांचं शिंदखेड्यात किराणा दुकान. त्यांना दम्याचा त्रास होता. पहाटेचा गार वारा लागला की ते खोकून बेजार होत. म्हणून त्यांच्या पत्नी धापूबाईंनी धुळ्याहून लोकर मागवली आणि लेकीला सासरी पाठवल्यावर रोज दुपारी ओट्यावर बसून मला विणलं. गळा उंच ठेवला, छातीवर दुहेरी वीण घातली.

"स्वेटर कसला, अंगावरची शेगडीच आहे!" शेठ गिऱ्हाइकांना सांगत. मी मनातल्या मनात फुगत असे.

तीन वर्षांनी धापूबाई तापाने गेल्या. त्यांच्या हातचं असं घरात मी एकटाच उरलो. शेठ मला कधी खुंटीला टांगत नसत. घडी करून उशाशी ठेवत.

पुढे त्यांचा मुलगा गौतमचंद याचं लग्न होऊन कुसुमलता घरात आली. वय अठरा, माहेर धुळ्याचं. ती येऊन तीन महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट.

गुरुवारी चौदस, म्हणजे चतुर्दशी होती. शेठचा उपवास. जैनांच्या घरी उपवासाला फक्त उकळलेलं पाणी चालतं, म्हणून कुसुमलताने पातेलंभर पाणी चुलीवर ठेवलं. पाण्याला उकळी फुटते तोच जळगावहून निरोप आला, की शेठचे भाऊ आजारी आहेत, लगेच निघा. आदल्या दिवशी दुकानात माझ्यावर शेंगदाण्याचं तेल सांडलं होतं. शेठनी मला उतरवलं, कोट चढवला, लोटाभर पाणी बरोबर घेतलं.

"बींदणी, हा धुऊन ठेव. सोमवारी येतो. याच्यावाचून माझी पहाट निघत नाही," ते म्हणाले. सुनेला ते बींदणी म्हणत.

बाकीचं पातेलं तसंच राहिलं. उकळलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, त्याने मोरीतले जीव मरतात, हे कुसुमलता लहानपणापासून शिकलेली. शिवाय तेलाचा डाग गरम पाण्याने निघेल, असंही तिला वाटलं. तिने मला त्या वाफाळत्या पाण्यात बुडवलं, सोडा टाकला आणि खसाखसा चोळलं.

मित्रांनो, काय सांगू! माझा एकेक टाका अंग चोरून शेजारच्या टाक्याला बिलगला. वाळलो तेव्हा मी दहा वर्षांच्या पोराच्या मापाचा झालो होतो. कुसुमलताने मला उलटसुलट करून पाहिलं. दुसरा आणता आला असता, पण धापूबाई कुठून आणायच्या?

शुक्रवारी तिने मला तोताराम शिंप्याकडे नेलं.

"बाजू उसवून मध्ये तुकडे जोडता येतील का?"

"ताई, हा विणलेला माल. कात्री लागली की टाके सुटतच जातील. हे माझ्या सुईचं काम नव्हे."

"मग कोणाच्या सुईचं?"

"कोणाच्याच नाही. गपचूप नवा घ्या. शेठ काय ओळखणार आहेत?"

कुसुमलता मला पदराखाली घेऊन घरी आली.

शनिवारी मेंढपाळ ठेलाऱ्यांची भिकुबाई दुकानात मीठ घ्यायला आली. मागच्या दारी कुसुमलता मला मांडीवर घेऊन रडत होती, ते ऐकून ती तिकडे वळली.

"काय वं शेठाणी, कोन मरी गय का घरमा?"

कुसुमलताने मला पुढे केलं. भिकुबाईने मला बोटांत चुरून पाहिलं.

"मरेल नही शे. लोकर भ्यायेल शे. आमनी घोंगडी बी अशीच आखडस."

"मग काय करू, अक्का?"

"पहिले चहा कर."

चहा पिऊन भिकुबाई कामाला लागली. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून तिने मला तासभर नुसतं निजवलं. मग पिळलं नाही, पंच्यात गुंडाळून दाबलं. सावलीत खाट टाकली. मापासाठी तिच्यावर शेठची जुनी, बिनबाह्यांची बंडी पसरली आणि बंडीवर मला ठेवलं. दोघी दोन्हीकडून ओढू लागल्या. कुसुमलताने घाईने हिसका दिला.

"हळू वढ! हाऊ काय बैल शे का?"

बोटभर ओढायचं, थांबायचं, बाभळीच्या काट्याने खाटेच्या सुतळीला अडकवायचं. संध्याकाळी पुन्हा ओलं करून पुन्हा बोटभर. रविवारीही तेच. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक काट्यागणिक माझा एकेक टाका मोकळा होत गेला.

सोमवारी शेठ आले ते खोकतच. भावाला उतार पडला होता. त्यांनी मला अंगात घातलं. छातीत बसलो, पोटावर बसलो. पण बाह्या पार बोटांवर आल्या! कुसुमलताला राहवेना.

"बापूजी, मी तो उकळत्या पाण्यात घातला. आटला होता. भिकुबाईंनी ओढून दिला. सासूबाईंच्या हातचा होता, आणि मी..."

शेठनी एक बाही डोळ्यांजवळ नेली. माझा जीव टांगणीला लागला.

"विणतानाच लोकर कमी पडली होती," ते म्हणाले. "बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. तुझी सासू म्हणायची, आज वाढवते, उद्या वाढवते. माझे हात गारठायचे, पण मी कधी बोललो नाही." त्यांनी दोन्ही बाह्यांत बोटं लपवली. "तिचं राहिलेलं काम तू पुरं केलंस, बींदणी. आता चहा ठेव. पाणी मात्र लागेल तेवढंच उकळ!"

कुसुमलता रडता रडता हसली. मित्रांनो, मीही तेव्हाच मोकळा श्वास घेतला.

त्यानंतर सहा हिवाळे मी शेठच्या अंगावर काढले. आता घरात गिरणीचे स्वेटर आले आहेत आणि मी पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात पडून असतो. वर्षाकाठी कोणी ऊन दाखवलं तर दाखवलं. माझं मागणं थोडंच आहे. लोकर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा. आणि कोणी आपली चूक आपल्या तोंडाने सांगायला आलं, तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.

चंपालाल शेठ १९७६ सालच्या माघात वारले. भिकुबाई त्यानंतर दोन वर्षांनी, साक्रीच्या रानात मेंढरांमागे असताना गेली.